खुले पत्र: पर्यावरणाची कलमे परिशिष्टातून काढून निविदेच्या दरपत्रकात आणा

प्रति,
शहरी रेल्वेमार्ग उभारणारी प्राधिकरणे, त्यांचे सल्लागार आणि निविदा मंजूर करणाऱ्या समित्या

विषय: नव्या मार्गाच्या बांधकामाचे पर्यावरणावर होणारे परिणाम आणि करारात त्यांना मिळणारी जागा

महोदय/महोदया,

भूतंत्र, भूजल आणि बांधकामाची देखरेख या कामांतल्या अभियंत्यांचे हे पत्र आहे. नव्या मार्गाला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नीट आखलेला मार्ग शंभर वर्षे रस्त्यावरची वाहने कमी करत राहतो. पण तो सुरू होईपर्यंतच्या सहा-आठ वर्षांत जमीन, पाणी आणि हवा यांना जे सोसावे लागते, त्याचा हिशेब ज्या अहवालात असतो तो अहवाल कामाच्या जागेवर कोणी उघडत नाही. जागेवर उघडले जाते ते दरपत्रक. त्यात खोदाईचा दर घनमीटरला असतो, सळईचा टनाला, काँक्रीटचा घनमीटरला. आणि पर्यावरणासाठी बहुधा एकच ओळ असते: ‘आराखड्यानुसार सर्व उपाययोजना, एकरकमी’. एकरकमी म्हटले की जेवढे कमी करावे तेवढे ठेकेदाराच्या खिशात उरते. यात त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. जे मोजून पैसे मिळतात ते काम होते, हा बांधकामाचा सरळ नियम आहे आणि तो आपणच लिहिलेला असतो.

म्हणून आमची मागणी एकच आहे. परिणाम कमी करणारी प्रत्येक गोष्ट मोजता येईल अशा परिमाणात, स्वतःच्या दराने, निविदेत यावी. ती कशी यावी आणि का, ते पुढे लिहितो.

भूजलापासून सुरुवात करू, कारण तिथली चूक दिसायला वेळ लागतो आणि दिसते तेव्हा ती मागे फिरवता येत नाही.

भूमिगत स्थानकाचा खड्डा साधारण २५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २० मीटर खोल धरू. पाणी जमिनीखाली ३ मीटरवर लागत असेल आणि खड्ड्याचा तळ कोरडा ठेवायचा असेल, तर पातळी सुमारे १८ मीटरने उतरवावी लागते. या उपशाचा परिणाम किती लांब जातो, याचा ढोबळ अंदाज सिचार्टच्या सूत्राने येतो: ३००० गुणिले पातळीतली घट गुणिले पाझर-गुणांकाचे (म्हणजे जमिनीतून पाणी झिरपण्याच्या, सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाचे) वर्गमूळ. पाझर सेकंदाला ०.१ मिलिमीटर असलेल्या वाळूत उघडा उपसा केला, तर उत्तर ५४० मीटर येते. पाझर त्याच्या एक दशांश असेल तर १७० मीटर. हे सूत्र कच्चे आहे, भिंतींचा अडसर त्यात धरलेला नाही. तरीही मार्गाच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रुंदीचा पट्टा आखून त्यालाच ‘प्रभावक्षेत्र’ म्हणण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक आहे.

पाणी उतरले की जमीन का खचते? मातीच्या कणांवरचा भार पाण्याच्या दाबाने थोडा उचलून धरलेला असतो. पातळी एक मीटर उतरली की कणांवर सुमारे १० किलोपास्कल भार वाढतो. बाहेरची पातळी फक्त ३ मीटरने खाली गेली आणि खाली १० मीटर जाडीचा मऊ चिकणमातीचा थर असला, तर मातीच्या दाबक्षमतेनुसार ९ ते १५ सेंटिमीटर खचण सहज निघते. ही खचण एका दिवसात येत नाही. चिकणमातीतून पाणी हळू निघते, त्यामुळे ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे येत राहते. तोवर ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाल्यास तो दुरुस्त करून देण्याची मुदत, संपलेला असतो. शिवाय विहिरी आटतात, समुद्राजवळ खारे पाणी आत सरकते, आणि जुन्या इमारती लाकडी खुंटांवर उभ्या असतील तर कायम पाण्याखाली राहून टिकलेले लाकूड हवा लागताच कुजू लागते.

उपाय माहीत आहेत. डायाफ्रॅम वॉलचा, म्हणजे खड्ड्याच्या कडेने खोदाईआधी जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीचा, पाया पाणी न जिरणाऱ्या थरात न्यायचा, म्हणजे आतले पाणी उपसले तरी बाहेरचे हलत नाही. असा थर आवाक्यात नसेल तर तळाशी ग्राउटचा (जमिनीत दाबाने भरून घट्ट होणाऱ्या मिश्रणाचा) आडवा पडदा करायचा, नाहीतर खड्डा पाण्याने भरलेलाच ठेवून खोदायचा आणि तळाचे काँक्रीट पाण्याखाली ओतायचे. बर्लिनच्या पोट्सडामर प्लाट्झ भागात १९९०च्या दशकात पाण्यात बुडी मारून काम करणाऱ्या कामगारांच्या मदतीने नेमके हेच केले गेले, कारण तिथे भूजल उतरवायला मुभा नव्हती. खर्च वाढतो, हे खरे. पण निविदेत ‘डीवॉटरिंग’ ही तासावर किंवा एकरकमी बाब ठेवली की पंप चालवणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. त्याऐवजी भिंतीबाहेरच्या पायझोमीटरमध्ये (भूजलाची पातळी मोजणाऱ्या नळीत) पातळी किती उतरू शकते, उदाहरणार्थ ऋतुमानातल्या नेहमीच्या चढउतारापलीकडे जास्तीत जास्त अर्धा मीटर, एवढे करारात लिहा. पद्धत ठेकेदाराला निवडू द्या.

भिंत आहे म्हणून मात्र निर्धास्त राहू नये. ती पाच-सहा मीटर रुंदीच्या पॅनेलांनी बनते आणि दोन पॅनेलांमधला सांधा हा तिचा कच्चा दुवा. काँक्रीट ओतताना सांध्याशी बेंटोनाइट (खोदलेल्या चराच्या कडा ढासळू नयेत म्हणून भरलेले चिकणमातीचे द्रावण) अडकून राहिले, किंवा खोदताना लागलेला मोठा दगड काढलाच नाही, तर तिथे भोक राहते. त्यातून नुसते पाणी आले तर ते पंप करता येते. पाण्याबरोबर वाळू येऊ लागली की बाहेर पोकळी तयार होते. कोलोनमध्ये ३ मार्च २००९ रोजी शहराच्या ऐतिहासिक अभिलेखागाराची इमारत कोसळून दोघांचा जीव गेला. शेजारी भुयारी मार्गासाठी केलेल्या भिंतीतल्या दोषातून वाळू आणि पाणी आत शिरले होते. ॲमस्टरडॅमच्या उत्तर-दक्षिण मार्गावर २००८ मध्ये फायझेलग्राख्ट स्थानकाशी भिंत गळली आणि लगतची जुनी घरे दहा सेंटिमीटरहून अधिक खचली.

याची पूर्वसूचना मिळवायला महागडे यंत्र लागत नाही. उपशाचे पाणी थेट गटारात न सोडता आधी निवळण-टाकीतून काढा, टाकीच्या तोंडाशी व्ही आकाराच्या खाचेचा बांध बसवून विसर्ग रोज लिहा, आणि तळाशी साचलेली वाळू आठवड्याला मोजा. विसर्ग वाढला किंवा पाणी गढुळले तर खोदाई थांबली पाहिजे. उपसलेले पाणी पुन्हा जमिनीत सोडणाऱ्या पुनर्भरण विहिरींबद्दलही एक सूचना. एका उपसा विहिरीमागे निदान दोन धरा, कारण त्या बुजतात. पाण्यातले लोह हवेशी संयोग पावून जाळीवर बसते आणि पाण्याबरोबर गेलेले बुडबुडे मातीची छिद्रे अडवतात. भरण्याच्या पाइपचे टोक विहिरीतल्या पातळीच्या खाली बुडलेले हवे आणि उलट धुलाई नियमित हवी. या दोन गोष्टी वगळल्या तर विहीर थोड्याच दिवसांत शोभेपुरती उरते, आणि अहवालात ‘पुनर्भरण सुरू’ असे छापून येत राहते.

आणखी एक परिणाम जवळजवळ कोणी मोजत नाही. स्थानकाची पेटी, म्हणजे त्याचा जमिनीखालचा काँक्रीटचा सांगाडा, भूजलाच्या प्रवाहाला आडवी आली तर ती जमिनीतले धरण होते. वरच्या बाजूला पातळी चढते, तळघरे ओली होतात; खालच्या बाजूला उतरते. पेटीखालून किंवा वरून खडी-पाइपचा पाझरमार्ग ठेवला तर दोन्ही बाजू जोडलेल्या राहतात. हे आराखड्याच्या टप्प्यावरच करता येते, नंतर नाही.

खडकातल्या बोगद्यात गळती बुजवायला रासायनिक ग्राउट वापरताना काय होऊ शकते, याचा धडा स्वीडनच्या हालांडसॉस रेल्वे बोगद्याने दिला आहे. १९९७ मध्ये तिथे वापरलेल्या ग्राउटमधले ॲक्रिलअमाइड ओढ्यांत उतरले, मासे मेले, गुरे आजारी पडली, काम थांबवावे लागले. १९९२ मध्ये सुरू झालेला तो बोगदा २०१५ च्या अखेरीस खुला झाला. तेव्हा ग्राउटचे प्रत्येक रसायन वापरण्यापूर्वी मंजूर यादीत असावे आणि न गोठलेला भाग वाहत्या पाण्यात गेला तर त्याचे काय होते, याचा चाचणी अहवाल सोबत जोडलेला असावा.

आता मक, म्हणजे खोदून निघालेला माल. ६.६ मीटर व्यासाच्या टीबीएमने (बोगदा खोदणाऱ्या यंत्राने) एक मीटर पुढे सरकताना जागेवरची ३४ घनमीटर जमीन कापली जाते. दोन समांतर बोगदे धरले तर किलोमीटरला ६८ हजार घनमीटर. खोदलेला माल फुगतो. मिश्र जमिनीत दीडपट धरला तर सुमारे एक लाख घनमीटर, म्हणजे १० घनमीटरच्या डंपरच्या दहा हजार खेपा. रिकामे परत येणे वेगळे. वर सांगितलेल्या स्थानकाचा खड्डा याच हिशेबाने अठरा हजारांहून अधिक खेपा मागतो. एक टीबीएम दिवसाला १० मीटर चालले तर रोज पन्नास डंपर बाहेर पडतात. दोन यंत्रे असतील तर शंभर. बऱ्याच शहरांत जड वाहने रात्रीच चालतात, म्हणजे हे शंभर डंपर सात-आठ तासांत निघाले पाहिजेत.

इथेच एक साधी गोष्ट चुकते. रात्रीपर्यंत माल साठवायला खड्डा लागतो. दोन यंत्रांचा दोन दिवसांचा माल दोन हजार घनमीटर होतो. तीन मीटर खोल खड्डा केला तर सातशे चौरस मीटर जागा हवी. प्रत्यक्षात चिंचोळ्या जागेत चार-पाचशे घनमीटरचा खड्डा बांधला जातो, तो दुपारीच भरतो आणि ओला, पातळ माल तसाच डंपरमध्ये टाकावा लागतो. मागच्या फाळक्यातून तो रस्ताभर गळतो. फाळक्याला रबरी पट्टी लावणे, ताडपत्री टाकणे हे उपाय बरोबर आहेत, पण मूळ दोष खड्ड्याच्या आकारात असतो. टीबीएमची जागा निवडताना मकखड्ड्याचे किमान आकारमान निविदेत लिहिले गेले, तर पुढच्या निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.

मातीच्या दाबावर चालणाऱ्या टीबीएममध्ये माल मऊ करण्यासाठी फेस मिसळतात. त्यात बहुधा सोडियम लॉरिल ईथर सल्फेट असते. ते जैविक रीतीने विघटित होते, पण त्याला मातीच्या जातीनुसार काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, आणि तोवर पाण्यातल्या जीवांना ते घातक असते. म्हणून असा माल थेट तळ्याकाठी, ओढ्याच्या पात्रात किंवा शेतात जाऊ नये. तळाला अस्तर असलेल्या कप्प्यांत पसरून, तारीख लावून ठेवावा आणि नमुन्यात उरलेले प्रमाण तपासूनच पुढे पाठवावा. मार्ग जुन्या कारखान्यांच्या किंवा पेट्रोल पंपांच्या जमिनीखालून जात असेल तर तेवढ्या लांबीचा माल वेगळा काढायला हवा. एकदा तो स्वच्छ मालात मिसळला की सगळाच दूषित धरावा लागतो.

हा माल जातो कुठे? ‘मान्यताप्राप्त ठिकाणी’ असे अहवालात लिहिलेले असते. मातीचा भराव फुकट मिळतोय म्हटल्यावर सखल जमिनीचे मालक स्वतःहून पुढे येतात. सखल जमीन बहुतेक वेळा पूरक्षेत्र असते, पाणथळ असते किंवा ओढ्याचा काठ असतो. कोणी तक्रार करत नाही, कारण ज्याची जमीन भरली तो खूश असतो. पाणी पुढच्या मोठ्या पावसात दुसऱ्याच्या घरात शिरते. लंडनच्या क्रॉसरेल या भूमिगत रेल्वे प्रकल्पात ४२ किलोमीटर बोगदे खोदताना ७० लाख टनांहून अधिक माल निघाला आणि त्यातला सुमारे ३० लाख टन वॉलासी बेटावर पक्ष्यांसाठी पाणथळ अधिवास घडवायला वापरला गेला. पश्चिमेकडच्या बोगद्यांचा माल रेल्वेने नॉर्थफ्लीटला आणि तिथून जहाजाने बेटावर गेला. प्रत्येक शहराला बेट मिळणार नाही. पण काम सुरू होण्याआधी मालाचे अंतिम ठिकाण ठरलेले होते, हा भाग कोणालाही उचलता येतो. मक वाहतुकीचे देयक खड्ड्यातून निघालेल्या घनमीटरवर न देता, अंतिम ठिकाणी वजनकाट्यावर स्वीकारल्याच्या पावतीवर द्या. वाटेत कुठे रिकामा झालेला डंपर मग आपोआप बिनपैशाचा ठरतो.

मोजणीचा दुसराही फायदा आहे. बोगद्याच्या काँक्रीट अस्तराच्या १.४ मीटर रुंदीच्या एका रिंगमागे सैद्धांतिक ४८ घनमीटर, म्हणजे ढोबळ ९५ टन माल यायला हवा, वर फेस आणि पाण्याचे वजन. माल वाहून आणणाऱ्या पट्ट्यावरचा वजनकाटा लागोपाठ दोन-तीन रिंगांना पाच टक्के जास्त दाखवू लागला, तर यंत्र वरची जमीन ओढत आहे. रिंगबाहेरच्या पोकळीचेही तेच. कापलेला व्यास ६.६ आणि रिंगचा बाहेरचा व्यास ६.३५ मीटर असेल, तर रिंगमागे साडेतीन घनमीटर पोकळी उरते. त्याहून कमी ग्राउट गेले असेल तर उरलेली जागा वरची जमीन भरून काढते. भूतंत्र अभियंता राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या सूत्राने, १८ मीटर खोलीवरच्या एका बोगद्यात एक टक्का जमीन गमावली (म्हणजे बोगद्याच्या घनफळाच्या एक टक्का जादा माती आत आली) तर मधोमध सुमारे १५ मिलिमीटर खचण येते. दोन टक्के गमावली तर ३० मिलिमीटर. काट्याच्या आणि ग्राउटच्या नोंदी ठेकेदाराकडे असतातच, त्या आपल्या अभियंत्याला त्याच पाळीत दिसाव्यात, एवढेच मागणे आहे.

उन्नत मार्ग म्हणजे हे सगळे टळले, असे समजू नये. तिथे खांबांच्या पायासाठी खोल भोके खोदताना बेंटोनाइटचा प्रश्न येतो, आणि भूमिगत स्थानकाच्या भिंतींतही तोच असतो. ६ मीटर रुंद, १ मीटर जाड आणि ३० मीटर खोल पॅनेलमध्ये १८० घनमीटर द्रावण असते. घनमीटरला ५० किलो धरले तर नऊ टन बेंटोनाइट. ते गाळून पुन्हा वापरता येते, पण सिमेंटच्या संपर्काने त्याचा सामू (pH) चढतो, वाळू वाढते आणि शेवटी ते टाकून द्यावे लागते. टाकायचे म्हणजे बहुधा पहाटे जवळच्या पावसाळी गटारात. बेंटोनाइटचे कण इतके सूक्ष्म असतात की नुसते उभे ठेवून ते निवळत नाही. गटाराच्या तळाला मात्र त्याचा चिकट थर बसतो, त्यावर इतर गाळ धरतो आणि पहिल्या पावसात चौक तुंबतो. निवळण-टाकीचा खड्डा दाखवून इथे भागत नाही. गोळा करणारे रसायन, मग सेंट्रिफ्यूज किंवा फिल्टर प्रेस, आणि हाती आलेला घट्ट लगदा मकसोबत रवाना, असाच क्रम हवा. दर टाकलेल्या द्रावणाच्या घनमीटरवर असावा आणि आणलेल्या बेंटोनाइटच्या पोत्यांशी त्याचा ताळा जुळावा.

काँक्रीटचे मिक्सर धुतलेल्या पाण्याचा सामू १२ च्या आसपास असतो. ओढ्यातल्या माशांना ९ च्या वर अवघड जाते. हे पाणी गोळा करून कार्बन डायऑक्साइड सोडून उदासीन करणे आम्लापेक्षा सुरक्षित, कारण मात्रा जास्त झाली तरी सामू धोकादायकरीत्या खाली जात नाही.

काँक्रीटच्या कार्बनबद्दल सगळे बोलतात, पण चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात. २७५ मिलिमीटर जाडीच्या अस्तराला जोडबोगद्याच्या किलोमीटरमागे साडेदहा हजार घनमीटर काँक्रीट लागते. वरच्याच मापाच्या स्थानकाला फक्त बाहेरच्या भिंती, तळ, छत आणि मधला मजला मिळून सुमारे ३४ हजार घनमीटर. म्हणजे एक स्थानक तीन किलोमीटरहून अधिक जोडबोगद्याइतके काँक्रीट खाते. सेगमेंटच्या, म्हणजे अस्तराची रिंग ज्या तुकड्यांनी जुळते त्यांच्या, मिश्रणातले सिमेंट दहा-वीस किलोंनी कमी करण्यापेक्षा स्थानक पाच मीटर वर आणणे, फलाटावरची दुकानांसाठीची जादा लांबी काढणे यांनी जास्त बचत होते. लोखंडाच्या भट्टीतून निघणारी दाणेदार धातुमळी सिमेंटऐवजी निम्मी मिसळली तर सिमेंटचे उत्सर्जन बरेच घटते, पण अशा काँक्रीटला सुरुवातीची ताकद उशिरा येते. सेगमेंट साच्यातून रोज काढायचे असतात, त्यामुळे ठेकेदार तिथे नको म्हणतो आणि त्यात तथ्य आहे. तळाचा स्लॅब आणि डायाफ्रॅम वॉल यांना मात्र ती घाई नसते. तिथे धातुमळीचे किमान प्रमाण लिहा.

धूळ आणि आवाज यांवर थोडक्यात, कारण नियम बहुतेक ठिकाणी आहेत. बांधकामाची बरीच धूळ खोदाईतून येतच नाही. फाटकातून टायरांना लागून बाहेर आलेला चिखल रस्त्यावर वाळतो आणि वाहनांखाली भुगा होतो. मोठ्या जागेपासून पाचशे मीटरपर्यंत हा माग जातो. टँकरने पाणी मारले की तो पुन्हा चिखल होतो. चाकधुलाईचा पट्टा टायरचे दोन पूर्ण फेरे होतील इतका, म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास हवा, आणि त्यानंतर फाटकापर्यंतचा रस्ता पक्का हवा. नाहीतर धुतलेले चाक दहा पावलांवर पुन्हा माखते. आवाजात जनरेटरचा वाटा मोठा असतो. टीबीएमसाठी उच्चदाब वीजजोडणी घ्यावीच लागते, ती खोदाईच्या आधी सहा महिने मागितली तर आरंभीचा डिझेलचा काळच टळतो. दोन मीटर उंचीचा पत्रा तळमजल्याचे कान झाकतो, तिसऱ्या मजल्याचे नाही.

झाडांच्या बाबतीत एक आकडा सगळ्यांनी समोर ठेवावा. स्थलांतर करायचे तर मुळांच्या गोळ्याचा व्यास खोडाच्या व्यासाच्या निदान दहापट हवा. ४० सेंटिमीटर खोडाला ४ मीटरचा गोळा. एक मीटर खोल धरला तर साडेबारा घनमीटर माती, वीस टनांहून अधिक वजन. हे उचलायला क्रेन, न्यायला सखल ट्रेलर आणि वाटेत वीज-टेलिफोनच्या तारा नसलेला रस्ता लागतो. एवढे जमत नाही म्हणून गोळा दीड मीटरचा कापला जातो, फांद्या छाटल्या जातात, आणि खांबासारखे झालेले खोड दूर कुठेतरी रोवले जाते. त्याला स्थलांतर म्हणणे म्हणजे कागदाची समजूत घालणे. मोठे झाड हलवायचेच असेल तर मुळे दोन-तीन टप्प्यांत सहा महिने आधीपासून छाटावी लागतात. आज परवानगी आणि उद्या रात्री काम, असे होऊ शकत नाही. पैसे तिसऱ्या वर्षी झाड जिवंत असेल तर द्या.

जी झाडे वाचवली म्हणून मोजली जातात त्यांचीही चौकशी करा. खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येत मुळांचे क्षेत्र असते. त्यावर सळया रचल्या, डंपर फिरला, कार्यालयाचा कंटेनर ठेवला तर माती दाबली जाते, हवा जात नाही आणि झाड दोन-चार वर्षांनी वाळते, मार्गाच्या उद्घाटनाच्या सुमारास. बॅरिकेडची रेषा आखतानाच हे वर्तुळ नकाशावर असावे. जमीन तपासण्यासाठी घेतलेल्या बोअरमुळेही जंगल तुटते, हे सिंगापूरने क्रॉस आयलंड या मेट्रो मार्गासाठी मान्य केले आणि संरक्षित वनातल्या बोअरची संख्या ७२ वरून १६ वर आणली. बाकी माहिती भूभौतिक पद्धतींनी मिळवली.

मार्ग चालू झाल्यावर राहणारे दोन परिणाम बांधकामातच ठरतात. कंपने रोखायला रबरी किंवा स्प्रिंगच्या आधारावर तरंगता रूळस्लॅब लागतो आणि त्याला रुळाखाली जादा उंची लागते. बोगद्याचा व्यास आधी ठरवून कंपनांचा अभ्यास नंतर केला, तर स्लॅबला जागाच उरत नाही. दुसरा परिणाम उष्णतेचा. लंडनच्या खोल बोगद्यांभोवतीची चिकणमाती सुरुवातीला १४ अंशांच्या आसपास होती, ती आता १९ ते २६ अंशांवर पोचली आहे, मुख्यतः गाड्यांच्या ब्रेकच्या उष्णतेने. वीज परत देणारे ब्रेक आणि ती वीज सामावून घेणारी उपकेंद्रे ही या दृष्टीनेही आवश्यक बाब आहे.

देखरेखीचे कंत्राट ठेकेदाराच्या हाताखाली देऊ नका. पायझोमीटर, खचणीचे बिंदू, आवाज आणि धूळ मोजणारी यंत्रणा यांचे पैसे थेट प्राधिकरणाने द्यावेत आणि नोंदी कामाच्या आधी निदान एक पूर्ण वर्ष सुरू झालेल्या असाव्यात. कोरड्या आणि ओल्या दोन्ही ऋतूंतली पातळी माहीत नसेल, तर नंतर विहीर आटली की ‘ती दरवर्षीच आटते’ हे उत्तर खोडून काढायला काही हाती राहत नाही. इमारतींच्या भेगांची मोजणी आणि छायाचित्रेही त्याच वर्षातली हवीत, आणि त्यांची एक प्रत रहिवाशांकडे. मर्यादेच्या ७० टक्क्यांवर सूचना, ८५ टक्क्यांवर पद्धत बदलणे, १०० टक्क्यांवर काम बंद, असे तीन टप्पे करारात असतात. पण काम बंद करण्याचा अधिकार नेमका कोणाचा, आणि त्या तासांचे पैसे कोण भरणार, हे मोघम असते. जागेवरच्या देखरेख अभियंत्याला तो अधिकार लेखी द्या. पद्धत योग्य असूनही जमिनीने दगा दिला, तर थांबण्याचे पैसे ठेकेदाराला मिळावेत. ते मिळणार नसतील तर आकडे लपवले जातील.

पुढील निविदा काढताना दरपत्रकात पुढील बाबी स्वतंत्र ओळींत आहेत का, ते पाहावे, ही विनंती: अंतिम ठिकाणी स्वीकारलेला मक, टनाला; प्रक्रिया करून विल्हेवाट लावलेले बेंटोनाइट, घनमीटरला; उदासीन केलेले धुलाईचे पाणी, घनमीटरला; पुनर्भरण विहीर, चालू स्थितीतल्या महिन्याला; यांत्रिक झाडणी, रस्त्याच्या किलोमीटरला; स्थलांतरित झाड, तिसऱ्या वर्षीच्या पाहणीनंतर. आणि पायझोमीटर व खचणीच्या नोंदी, गाळलेल्या दिवसांसकट, दर आठवड्याला लोकांना पाहता येतील अशा ठिकाणी ठेवाव्यात. यांपैकी कोणती ओळ का घेता येत नाही, याचे कारण लेखी मिळाले तर त्यावर चर्चा करायला आम्ही तयार आहोत. मोजमापाच्या पद्धतीचा आणि प्रत्येक बाबीच्या तपशिलाचा मसुदा आम्ही लिहून देऊ.

आपले,
भूतंत्र, भूजल आणि बांधकाम-देखरेख क्षेत्रातले अभियंते